वाटीभर पाण्यातली दाढी

खेडूत चांगल्या मालाला पैसे टाकत नाही, असे आपण शहरात बसून म्हणतो. सातारा-सांगलीकडच्या वाड्यांवरच्या दुकानांत लोंबणाऱ्या शांपूच्या पुड्या पाहिल्या की मला हे पटत नाही. जिलेट कंपनीचीच गंमत पाहा. २००२ साली तिने हिंदुस्थानासाठी नवा रेझर काढला. पारख मात्र अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या पोरांकडून करून घेतली! तिकडे नळाला धो धो पाणी. इकडे वाटीभर पाण्यात दाढी. पाते केसांनी तुंबू लागले. मग साहेबलोक घरोघर जाऊन दाढ्या पाहत बसले, तेव्हा कुठे २०१० साली एकपाती ‘गार्ड’ आला. तेव्हा किंमत होती १५ रुपये, नवे पाते ५ रुपयांना. आमच्या माण-आटपाडीकडे, दुष्काळात, त्या वाटीचाही हिशेब असतो.