नाताळचे झाड आणि घरातील ज्येष्ठ

‘नाताळ’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. १५३४ ते १७३९ या काळात आपल्या पालघर जिल्ह्यातील वसई त्यांच्या अंमलाखाली होती. नाताळचे झाड मात्र त्यांनी आणलेले नव्हे. पोर्तुगालच्या राजवाड्यातही ते एकोणिसाव्या शतकातच पोहोचले. ही प्रथा मूळची जर्मन भाषिक प्रदेशातील. १६०५ मधील स्ट्रासबुर्गच्या एका नोंदीत दिवाणखान्यातील झाडांना सफरचंदे, कागदी गुलाब व मिठाई टांगल्याचा उल्लेख आढळतो. १८४८ साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापले गेले आणि ही प्रथा जगभर लोकप्रिय झाली.

आपल्या उष्ण किनाऱ्यावर फरचे झाड कोठून मिळणार? म्हणून येथे सुरूची फांदी त्याच्या जागी आली. सुरू हा पाइनच्या कुळातील नव्हे. त्याच्या ज्या सुया दिसतात, त्या वस्तुतः पेरे असलेल्या बारीक डहाळ्या होत. थोडक्यात, ज्या घरी जे उपलब्ध, त्यातून झाड सजवावे, अशीच ही परंपरा आहे. मग ते घरातील ज्येष्ठांना झेपेल असे का सजवू नये?

सणाच्या गडबडीत आपण आजी-आजोबांना प्रेमाने म्हणतो, “तुम्ही बसा, आम्ही करतो.” या वाक्याने त्यांचा सणातील वाटा नकळत हिरावला जातो. दुसरीकडे, स्टुलावर चढून चांदणी लावताना तोल गेला, तर खुब्याचे हाड मोडून कित्येक महिने अंथरुणाला खिळावे लागते. यावरील उपाय साधा आहे. लहान झाड भक्कम टेबलावर ठेवावे, म्हणजे खुर्चीत बसूनही हात पोहोचतो. बोटे आखडत असतील, तर शोभेच्या वस्तूंना रुंद फितीचे मोठे फास बांधावेत. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या हाती जुनी, ओळखीची चांदणी द्यावी. आठवणी बोलत्या होतात. मात्र खाऊसारख्या दिसणाऱ्या लहान वस्तू तेथे ठेवू नयेत.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. दिव्यांच्या वायरी भिंतीलगत चिकटवाव्यात. येण्याजाण्याच्या वाटेवर त्या नकोत. घरी ऑक्सिजनचे यंत्र असल्यास त्या खोलीत मेणबत्ती लावू नये. प्लास्टिकचे झाड घराबाहेर ओल्या फडक्याने पुसून मगच आत आणावे. त्यावरील धुळीने दमा उसळतो. सुरूच्या परागांचाही काहींना त्रास होतो. शोभेच्या दिव्यांतील बटणाएवढे सेल नातवंडांच्या हाती लागू देऊ नयेत. गिळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

बनातील सुरू तोडू नये. ती झाडे वारा अडवतात आणि वाळू धरून ठेवतात. कुंडीतील रोपही उत्तम. त्याला रोज पाणी घालण्याचे काम आजोबांकडे सोपवावे, म्हणजे सण सरल्यावरही त्यांचा त्यातील वाटा उरतो.