पडद्याचे ठिगळ : वरून की आतून?

कानाचा पडदा जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचा. त्याला भोक पडले की ऐकू कमी येते आणि कानात पाणी गेले की कान वाहू लागतो. १६४० मध्ये मार्कस बॅन्झर या जर्मन वैद्याने एका नळीवर डुकराचे मूत्राशय ताणून ती अशा कानात बसवली. तो केवळ आडोसा होता. शस्त्रक्रियेने दुरुस्ती रुळली ती १९५० नंतर, व्हुल्स्टाइन व त्सोलनर यांच्या कामामुळे. त्यांनी कातडी लावली; पुढे कानाच्या वरच्या स्नायूचे पातळ आवरण अधिक सोयीचे ठरले. हे ठिगळ म्हणजे मांडवच. त्याच्या आधाराने पडद्याची स्वतःची त्वचा भोकावर वाढते.

ठिगळ वरून लावायचे तर पडद्याची त्वचा आधी सोलावी लागते. मोठ्या किंवा पुढच्या भोकाला हे सोयीचे. पण त्वचेचा कण खाली राहिला तर तिथे गाठ होते. ठिगळ हाडापासून सरकले तर भोक बुजूनही ऐकू येत नाही. आतून लावणे सोपे. मात्र पुढच्या कडेला आधार कमी असल्याने ते तिथे निसटू शकते. नाकाकडची नळी नीट चालत नसेल तर कूर्चा बरी, कारण ती आत ओढली जात नाही. पण तिच्यामागचे काही दिसत नाही.

म्हणून ‘भोक बुजले का?’ एवढ्यावर तंत्रांची तुलना करणे मला अपुरे वाटते. कान कोरडा राहिला का आणि ऐकू किती आले, हेही तितकेच मोजायला हवे.