मोकळा कुत्रा आणि भडकलेला मालक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फेब्रुवारी २०१८ मध्ये वरळीच्या एका इमारतीत एक गृहस्थ आपल्या दीड वर्षाच्या मुलाला घेऊन लिफ्टने खाली निघाले होते. मधल्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दाराशी एक शेजारी आपला हस्की कुत्रा घेऊन उभा होता. मूल कुत्र्याला घाबरतं, जरा थांबा, असं या गृहस्थांनी सांगितलं. शेजाऱ्याने ऐकलं नाही. त्याने कुत्र्याला ओढत आत आणलं आणि कुत्रा या गृहस्थांच्या हाताला चावला. लिफ्टमधल्या सीसीटीव्हीने हे टिपलं होतं. मे २०२५ मध्ये दंडाधिकारी न्यायालयाने मालकाला चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली.

निकालाला सात वर्षं लागली ही खेदाची गोष्ट आहे. तरी तक्रार झाली, पुरावा टिकला आणि जबाबदारी कुत्र्याची नसून माणसाची आहे हे न्यायालयाने मान्य केलं. बहुतेक प्रकरणं इथवर पोहोचतच नाहीत. सकाळी फिरायला गेलेला माणूस अंगावर आलेल्या कुत्र्याला घाबरतो, मालक उलट त्याच्यावरच डाफरतो, चार लोक जमतात, आवाज चढतात आणि सगळे आपापल्या घरी जातात. दुसऱ्या दिवशी तोच कुत्रा त्याच रस्त्यावर पुन्हा मोकळा असतो. याला मालकांचा बेफिकीरपणा कारणीभूत आहेच, पण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलेले काही समजही तितकेच कारणीभूत आहेत.

‘घाबरू नका, तो काही करत नाही’

मालक हे खोटं बोलत नसतो. घरी तो कुत्रा खरोखरच काही करत नाही. पण घरातलं वागणं आणि अनोळखी माणूस, सायकल, पळणारं मूल किंवा दुसरा कुत्रा समोर आल्यावरचं वागणं यात फार अंतर असतं. म्हणून मालकाच्या आश्वासनापेक्षा कुत्र्याच्या अंगाकडे बघावं. शेपटी हलतेय म्हणजे कुत्रा खुशीत आहे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शेपटी हलणं म्हणजे फक्त उत्तेजना. अख्खं अंग सैल आहे, कंबर लचकतेय, तोंड उघडं आहे आणि शेपटी ऐसपैस फिरतेय, तर काळजीचं कारण नाही. पण शेपटी उंच ताठ धरून तिचं टोकच भराभर हलत असेल, तोंड एकदम मिटलं असेल, अंग लाकडासारखं ताठ झालं असेल, वजन पुढच्या पायांवर आलं असेल आणि नजर तुमच्यावर खिळली असेल, तर तो कुत्रा पुढच्या काही क्षणांत काय करायचं ते ठरवतोय. ओठ चाटणं, कारण नसताना जांभई देणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल इतकं तिरकं बघणं ही घाबरलेल्या कुत्र्याची लक्षणं आहेत. घाबरलेला कुत्राही चावतो. कित्येकदा तोच आधी चावतो.

दुसरं म्हणजे गुरगुरणं. कुत्रा गुरगुरला की मालक त्याला फटका मारतो आणि बघणाऱ्यांना बरं वाटतं. पण गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली सूचना असते. त्यासाठी मार खाणारा कुत्रा सूचना देणं सोडतो आणि मग थेट चावतो.

‘पळालं की सुटलो’

पळणाऱ्याच्या मागे धावणं कुत्र्याच्या रक्तातच आहे. मोठा कुत्रा पळण्यात कुठल्याही माणसाला सहज गाठतो. त्यामुळे जागीच थांबावं, अंग किंचित तिरकं करावं, हात अंगालगत ठेवावेत आणि नजर त्याच्या डोळ्यांत न रोखता खाली जमिनीकडे, पण तो दिसत राहील अशी ठेवावी. ओरडू नये, हात वर उडवू नयेत. बहुतेक कुत्री हुंगतात, चार वेळा भुंकतात आणि त्यांचा रस संपतो. मग पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकावं. हातात पिशवी, छत्री, बॅग, सायकल, काहीही असेल ते आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावं. त्याने दात रोवायचे तर ते आधी पिशवीत रोवू द्यावेत.

पडलात तर पोटाशी गुडघे घेऊन अंगाची मुटकुळी करावी, बोटं गुंफून मानेमागे हात ठेवावेत आणि कोपरांनी कान, चेहरा झाकावा. लहान मुलांना हे घरी एकदा करून दाखवावं. मुलांची उंची कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीला येते, त्यामुळे त्यांना चेहऱ्यावर आणि मानेवर जखमा होतात.

आपलाच लहान कुत्रा बरोबर असेल तर माणूस त्याला पटकन उचलून छातीशी धरतो. मोठा कुत्रा मग आपल्याच अंगावर झेपावतो. शक्य असेल तर लहान कुत्र्याला गाडी, गेट किंवा दुकानाच्या आड न्यावं. आणि दोन कुत्री जुंपली असतील तर त्यांच्या मानेजवळ हात कधीही घालू नये. स्वतःच्या कुत्र्याला सोडवताना अनेकांची बोटं अशीच फाटतात.

‘अशा मालकाला तिथल्या तिथे सुनावलंच पाहिजे’

हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण त्यामागचा राग रास्त असतो. तरीही कुत्रा मोकळा असताना मालकाशी भांडणं म्हणजे संकट स्वतःकडे ओढणं. कुत्र्याला भांडणाचा विषय कळत नाही. त्याला आपल्या माणसाचा चढलेला आवाज, ताठ झालेले खांदे, समोरच्याचं पुढे येणारं बोट कळतं, आणि तो आपल्या माणसाच्या बाजूने उतरतो. धक्काबुक्की झाली की चावा जवळजवळ ठरलेलाच.

म्हणून त्या वेळी मालकाला एकच गोष्ट सांगायची : ‘दादा, आधी पट्टा लावा. बाकीचं मग बोलू.’ आवाज सपाट ठेवायचा. त्याची चूक, त्याचे संस्कार, त्याच्या कुत्र्याची जात यातलं काहीही काढायचं नाही. ‘तुम्हीच घाबरलात म्हणून तो भुंकला’ हे उत्तर येईल. येऊ द्यावं, त्यावर वाद घालू नये. अंतर वाढवावं आणि सुरक्षित जागी पोहोचल्यावर फोन काढावा. सार्वजनिक रस्त्यावर आपल्यासमोर घडणाऱ्या प्रसंगाचं चित्रण करण्यात बेकायदा काही नाही, पण फोन त्याच्या तोंडासमोर नाचवू नये. मालक मारायला धावला, धमकी दिली किंवा ‘सोडू का अंगावर?’ म्हणाला, तर ११२ नंबर फिरवावा. जवळ उभ्या असलेल्या भाजीवाल्याचं, वॉचमनचं, रिक्षावाल्याचं नाव आणि नंबर तेव्हाच घ्यावा. संध्याकाळपर्यंत कुणालाच काही आठवत नाही.

चित्रण गटांवर फिरवायची घाई करू नये. मूळ फाइल फोनमध्ये आहे तशीच ठेवावी. पुढे पुरावा म्हणून तीच लागते, चार ठिकाणांहून फिरून आलेली प्रत उपयोगी पडत नाही. सोसायटीचं किंवा दुकानाचं सीसीटीव्ही चित्रण थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी विनंती त्याच दिवशी करावी.

‘चावल्याशिवाय गुन्हा होत नाही’

पोलीस चौकीत हे वाक्य ऐकून कित्येक लोक परत येतात. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ वेगळं सांगतं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना जो जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे पुरेशी खबरदारी घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. यात ‘चावला असला पाहिजे’ अशी अट नाही. ‘पहिला चावा माफ’ अशी सवलतही नाही. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना जुन्या दंड संहितेचं कलम २८९ लागतं. त्यात कैद तेवढीच होती, दंड मात्र फक्त एक हजार होता.

हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना एफआयआर नोंदवता येतो. प्रत्यक्षात अनेकदा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून बोळवण केली जाते. अशा वेळी अर्जात कलमाचा स्पष्ट उल्लेख करावा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. तरीही दाद लागली नाही तर तीच तक्रार लेखी स्वरूपात वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. प्रत्यक्ष इजा झाली असेल, धमकी किंवा मारहाण झाली असेल, तर त्याची कलमं वेगळी लागतात. म्हणून अर्जात कुत्र्याने काय केलं आणि मालकाने काय केलं हे दोन परिच्छेदांत स्वतंत्र लिहावं. एकत्र कालवलं की मालकाची धमकी कुत्र्याच्या भुंकण्याखाली झाकली जाते.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ तर या बाबतीत आणखी नेमका आहे. रस्त्यात जनावर निष्काळजीपणे मोकळं सोडून लोकांना भीती किंवा त्रास होईल असं वागणं, हिंस्र कुत्र्याला तोंडाला जाळी न लावता मोकाट फिरू देणं आणि कुत्र्याला माणसावर छू करणं या तिन्ही गोष्टींना त्यात मनाई आहे. म्हणजे ‘सोडू का अंगावर?’ म्हणत कुत्र्याला खरोखर चिथावणं हा नुसता उद्धटपणा राहत नाही.

आधीच्या घटनांची नोंद इथे फार मोलाची ठरते. कुत्रा यापूर्वी तिघांच्या अंगावर गेला होता आणि मालकाला ते माहीत होतं, हे कागदावर असेल तर ‘मला कल्पना नव्हती’ हा बचाव टिकत नाही. म्हणून न चावलेल्या प्रसंगाचीही तक्रार करावी. ज्यांच्या अंगावर तो गेला त्या सगळ्यांनी स्वतंत्र अर्ज द्यावेत.

‘महापालिकेची गाडी येऊन नेईल’ आणि ‘सोसायटीने कुत्र्यांवर बंदीच घालावी’

महापालिकेचं श्वान पथक आणि २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम यांचा मुख्य संबंध भटक्या कुत्र्यांशी आहे. पाळलेल्या कुत्र्याच्या बाबतीत पालिकेकडून विचारायची गोष्ट म्हणजे परवाना आणि रेबीजच्या लसीची नोंद. बाकीचं काम पोलिसांचं.

सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना तसं सांगतात आणि २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. पण बंदी नाही याचा अर्थ बंधन नाही असा होत नाही. जिना, लिफ्ट, अंगणात कुत्रा पट्ट्यात असावा आणि पट्टा त्याला आवरू शकेल अशा माणसाच्या हातात असावा, ही अपेक्षा रास्त आहे. तीस-पस्तीस किलोचा कुत्रा दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देणं म्हणजे त्याला मोकळा सोडण्यासारखंच.

‘दोष जातीचा आहे’

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह २३ जातींवर बंधनं आणण्यास राज्यांना सांगणारं पत्र काढलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं. त्यानंतर काही दिवसांनी, मे २०२४ मध्ये, चेन्नईच्या एका बागेत दोन रॉटवायलरांनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केलं. जात महत्त्वाची नाही असं मी म्हणणार नाही. मोठ्या, ताकदवान कुत्र्याच्या एका चाव्याने जे नुकसान होतं ते पॉमेरेनियनच्या दहा चाव्यांनी होत नाही. पण कुत्रा चावेल की नाही हे त्याचं संगोपन, सवय, भीती आणि मुख्यतः तो आवरलेला आहे की नाही यावर ठरतं. चेन्नईची ती कुत्री पट्ट्यात असती तर ती मुलगी बागेत सुखरूप खेळली असती.

‘त्रास देणाऱ्या कुत्र्याला धडा शिकवावा’

अंगावर आलेल्या कुत्र्याला अडवताना काठी लागली, लाथ बसली, तर घाबरायचं कारण नाही. मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतू न ठेवता केलेली कृती कायदा समजून घेतो. पण कुत्रा आवरला गेल्यावर त्याला मारणं किंवा रात्री गेटजवळ विषारी मटण टाकणं हा गुन्हा आहे. प्राण्याला ठार मारणं किंवा विष घालणं यासाठी न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे निष्काळजी मालकाला कलम २९१ खाली होऊ शकणाऱ्या शिक्षेपेक्षा कितीतरी जास्त. ज्याची बाजू न्यायाची होती तोच आरोपी होतो. आणि ज्या जनावराला कुणी कधी शिकवलंच नाही, ते जिवानिशी जातं.

‘पाळलेला आहे, लस टोचलेली आहे, इंजेक्शनची गरज नाही’

चावा घेतलेल्या माणसाने मालकाशी वाद घालण्यात घालवलेला वेळ त्याच्या जिवावर बेतू शकतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून आधी नळ गाठायचा. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तेल यातलं काहीही लावायचं नाही. मग सरळ दवाखाना.

त्वचेवर नुसता ओरखडा उठला, रक्त आलं नाही, तरी लस लागते. रक्त आलं असेल किंवा जखमेवर कुत्र्याची लाळ गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, आणि ते आवर्जून मागावं. पोटात चौदा इंजेक्शनं ही जुनी गोष्ट झाली. आता दंडात घेतात. नेहमीच्या पद्धतीत पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी डोस असतात. मालकाने लसीचं कार्ड दाखवलं तरी सुरुवात थांबवू नये, कार्ड डॉक्टरांना दाखवावं. कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर राहील याची लेखी हमी मालकाकडून घ्यावी, कारण तो दहा दिवस ठणठणीत राहिला तर उरलेल्या डोसांचं काय करायचं हे डॉक्टर ठरवू शकतात. दवाखान्यात ‘कुत्रा चावला’ एवढंच न सांगता कुणाचा, कुठे, किती वाजता हेही केसपेपरवर लिहून घ्यावं. पोलिसांकडे जाताना तोच कागद बरोबर लागतो. आणि ही लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते.