मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सन्मान-संस्था

नाशिकच्या महाविद्यालयातील मानसशास्त्राचा विद्यार्थी अमेरिकन विद्यापीठांची माहितीपत्रके चाळू लागला, म्हणजे 'साय काय' हे नाव त्याच्या दृष्टीस वारंवार पडते. (मराठी कानास हा एखादा प्रश्न वाटावा, वस्तुतः ती दोन ग्रीक अक्षरे आहेत.) ही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सन्मान-संस्था होय. तिचे सभासद होता येईल काय, हे पाहण्यापूर्वी तिचे स्वरूप ध्यानी घेणे इष्ट आहे.

गुणवान विद्यार्थ्यांस ग्रीक अक्षरांच्या संस्थेत सामावून घेण्याची अमेरिकन प्रथा 1776 मधील 'फाय बीटा कॅपा'पर्यंत मागे जाते. मानसशास्त्रापुरती ती 1929 साली आली. त्या वर्षी येल विद्यापीठात नववी आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषद भरली होती. कॅटेल अध्यक्ष होते, ऐंशीच्या उंबरठ्यावरील पाव्हलॉव्ह उपस्थित होते. आणि या दिग्गजांच्या मेळाव्यातच 4 सप्टेंबर रोजी ही विद्यार्थिसंस्था स्थापन झाली. 2009 साली तिने आंतरराष्ट्रीय हे विशेषण धारण केले, आणि परदेशी विद्यापीठांस शाखेचा मार्ग खुला झाला.

प्रवेशाची अट वरवर पाहता साधी आहे. अमेरिकेतील शाखांत पदवीच्या विद्यार्थ्याने तीन सत्रे पूर्ण केलेली असावीत, मानसशास्त्राचे किमान 9 श्रेयांक मिळविलेले असावेत, आणि गुणानुक्रमे तो वर्गातील वरच्या 35 टक्क्यांत असावा. आपल्याकडे शालान्त परीक्षेत पस्तीस हा आकडा केवळ तरून जाण्याचा. तेथे तो निवडीचा, हा घोटाळा होऊ देऊ नये. शुल्क एकदाच भरावयाचे असून सभासदत्व आजन्म टिकते.

या सभासदत्वाचे मोल किती? अमेरिकन संघराज्य सरकारच्या नोकरीत आरंभीची श्रेणी ठरविताना सन्मान-संस्थेचे सभासदत्व विचारात घेतात. आपल्या नेट वा सेट परीक्षेत मात्र त्यास स्थान नाही. तेव्हा केवळ प्रमाणपत्रासाठी हा खटाटोप करणे आम्हांस व्यर्थ वाटते. खरा लाभ निराळा आहे : संस्था संशोधनास अनुदान देते, नियतकालिक चालविते, आणि विद्यार्थ्यास परिषदेत निबंध वाचण्याची संधी देते.

सन्मानाबरोबर काम सोपविण्याची ही कल्पना महाराष्ट्रास नवी नव्हे. पेशवाईत विद्वानांस दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमदानीत त्या निधीतून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. रानडे व भांडारकर हे दोघेही असे फेलो होते. आणि फेलोने केवळ वेतन घ्यावयाचे नव्हते, तर अध्ययन करीत खालच्या वर्गांस शिकवावयाचेही होते. आपल्या महाविद्यालयांतील अभ्यासमंडळांत हा दुसरा भाग बहुधा गळतो. उद्घाटन थाटात होते, आणि पुढील सभेस अध्यक्षच सापडत नाहीत!

एक व्यावहारिक अडचण सांगणे अगत्याचे आहे. या संस्थेत विद्यार्थी शाखेमार्फतच प्रवेश करतो. स्वतःच्या महाविद्यालयात शाखा नसल्यास त्याने एकट्याने अर्ज धाडून उपयोग नाही. शाखेसाठी विभागाने पुढाकार घ्यावा लागतो, आणि तिची जबाबदारी पत्करणारा एक प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून लागतो. म्हणून इच्छुकाने शुल्काची जुळवाजुळव करण्यापूर्वी आपल्या विभागप्रमुखांस भेटावे, आणि घरबसल्या सभासद करून घेण्याचे आश्वासन देणारे पत्र आल्यास तेही त्यांस दाखवावे.