पाटीचा धंदा: नवख्याने आरंभ कसा करावा?

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून पाट्या रंगविण्याच्या धंद्याविषयी बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. इथे वेदान्तावर, राज्यघटनेवर, ज्ञानेश्वरीवर बोलणारे विद्वान येऊन गेले. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. जे काही वाचले ते हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले, आणि जे काही शिकलो ते कामगारांच्या संगतीत शिकलो. तेव्हा मी बोलणार ते पोटापाण्याविषयीच.

गेल्या वर्षी एक तरुण आमच्या युनियनच्या कचेरीत आला. घरी यंत्रमागाचे काम, आई विड्या वळणारी. म्हणाला, "काका, बोर्ड रंगवायचं काम चालू करावं म्हणतोय. अनुभव काही नाही. जमेल का?" त्याला जे उत्तर दिले, तेच आज जरा विस्ताराने मांडतो. कारण हा प्रश्न एकट्या त्याचा नाही.

आपल्या सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी निघाली आणि हे गाव गिरणगाव झाले. भोंग्यावर गाव उठे, भोंग्यावर जेवी. मुलगा मोठा झाला की बाप त्याला गिरणीत चिकटवून देई. धंदा कसा सुरू करावा हा प्रश्नच कोणाला पडत नसे. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि या शतकाच्या आरंभी ती दुनिया संपली. चादर आणि टॉवेल विणणारे माग राहिले, विडीचे कारखाने राहिले. पण बापाच्या जागी मुलगा, ही सोय गेली. आता मुलाला स्वतःच काहीतरी उभे करावे लागते. ज्यांच्याजवळ भांडवल नाही त्यांच्या डोळ्यांपुढे मग असे धंदे येतात, ज्यांत पैशापेक्षा हात महत्त्वाचा. पाटीचा धंदा त्यांपैकी एक.

अनुभवाशिवाय या धंद्यात कोणी पुढे आले आहे काय? आले आहे. कोल्हापूरचे बाबुराव मेस्त्री हे कोणत्याही कलाशाळेत शिकले नव्हते. घरच्या कारागिरीत त्यांचा हात तयार झाला. आनंदराव आणि बाबुराव या दोघा भावांनी नाटक मंडळ्यांचे पडदे असे रंगविले, की लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले आणि तेच आडनाव होऊन बसले. पुढे बाबुराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, आणि आपल्या चित्रपटांची जाहिरात-चित्रेही ते स्वतः काढीत. दुसरे उदाहरण तर आपल्या जिल्ह्यातले. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवीत. मजुरी चौरस फुटाच्या हिशेबाने, काही आण्यांची. पुढे जगभर नाव झाले, परंतु उंच परांचीवर उभे राहून मोठा कुंचला बेधडक फिरविण्याची सवय तिथलीच.

या उदाहरणांचा चुकीचा अर्थ मात्र घेऊ नये. धंद्याचा अनुभव नसणे वेगळे आणि हाताला सराव नसणे वेगळे. या दोघांनाही आरंभी धंदा ठाऊक नव्हता, पण रेषा ठाऊक होती. म्हणून मी त्या तरुणाला पहिला प्रश्न विचारला तो हा: "तू रोज किती अक्षरे काढतोस?" तो गप्प बसला.

आज या धंद्याच्या तीन शाखा आहेत. पहिली हाताने रंगविण्याची: पत्रा, भिंत, दुकानाचे शटर, वाहनाची मागची बाजू. दुसरी फ्लेक्सची. सुमारे वीस वर्षांपूर्वी ही यंत्रे जिल्ह्याच्या गावांत पसरली आणि हातपेंटरांचे काम हिसकावून बसली. दोन दिवसांचे काम यंत्र काही मिनिटांत करू लागले. तिसरी शाखा जोडकामाची: ॲक्रिलिकची, धातूची कापीव अक्षरे, आत एलईडी दिवे, गाड्यांवरची 'रेडियम'ची अक्षरे.

नवखा माणूस बहुधा कर्ज काढून थेट यंत्र घेण्याचा विचार करतो. माझे सांगणे असे, की पहिल्या वर्षी यंत्र घेऊ नये. यंत्राचा हप्ता दर महिन्याला येतो, गिऱ्हाईक दर महिन्याला येतेच असे नाही. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्याकडून छापून घ्यावे, आणि आपण आखणी, चौकट व बसवणी करावी. शिवाय फ्लेक्सवरही बंधने येत आहेत. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक व पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. एकाच मालावर सगळा संसार टांगणे शहाणपणाचे नव्हे.

आता अक्षराकडे वळू. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभे राहते, आपले दोरीवरच्या धोतरासारखे वरून लोंबते. म्हणून आधी शिरोरेषा आखावी. चुन्यात भिजवलेला दोरा दोघांनी ताणून धरावा आणि मध्ये टिचकी मारावी. सरळ रेघ उमटते. मग पाटीवर अक्षरांसाठी जी उंची ठेवली असेल तिचे सहा भाग करावे. दीड भाग शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफारासाठी, तीन भाग अक्षराच्या अंगासाठी, आणि दीड भाग खाली उकार व जोडाक्षरांसाठी. नवखा पेंटर वरखाली जागा ठेवीत नाही. मग 'सिद्धेश्वर' लिहिताना वरची वेलांटी चौकटीला आपटते आणि खालचा 'द्ध' फोन नंबरावर पाय देतो.

अक्षर किती मोठे असावे? साधा आडाखा असा, की दर दहा फूट अंतराला एक इंच उंची. चाळीस फूट रुंद रस्त्याच्या पलीकडून पाटी वाचली जावी असे वाटत असेल, तर अक्षराचे नुसते अंग निदान चार इंच पाहिजे. वेलांट्या-उकार त्याच्या बाहेर. रंगांत गडदावर फिके किंवा फिक्यावर गडद एवढाच नियम आरंभी पुरे. पिवळ्यावर काळे दुरून उठून दिसते. लालावर निळे जवळूनही डोळ्यांत खुपते.

माझी स्वतःची फजिती सांगतो. युनियनच्या कचेरीची पहिली पाटी पैसे वाचविण्यासाठी मीच रंगवायला घेतली. डावीकडून जोरात सुरुवात केली. अक्षरे ऐटबाज येत होती. शेवटी 'कामगार' शब्दातला 'र' बसेना. तो मी कडेला इतका बारीक करून कोंबला, की दारावरून जाणारे कामगार हसून म्हणत, "शेवटच्या माणसाला जागाच ठेवली नाही की हो!" थट्टा थट्टेच्या जागी, पण धडा पक्का बसला. आधी कोळशाने सगळा मजकूर मांडावा, मधले अक्षर शोधावे, तिथून दोन्हीकडे जावे. रंग सर्वांत शेवटी.

सोलापूरच्या पेंटरला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे भाषा. आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात. कन्नड आणि तेलुगू लिप्या एका कुळातल्या, गोलसर वळणाच्या. एकीचा हात बसला की दुसरी लवकर येते. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, म्हणून तिची आखणीही उजवीकडून करावी लागते. ज्या लिपीचे ज्ञान नाही तिचा मजकूर जाणकाराच्या हातचा लिहून घ्यावा, आणि रंगविल्यावर त्यालाच दाखवावा. एका टिंबाने नाव बदलते, आणि दुसऱ्याचे नाव बिघडविण्याचा आपल्याला अधिकार नाही.

कायद्याचाही विचार पाहिजे. महाराष्ट्रातील दुकानांच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही आता देवनागरी लिपीतील मराठी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. मुंबईतील दुकानदार कोर्टात गेले, तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या लावा असे सांगितले. गिऱ्हाइकाला हा नियम ठाऊक नसतो. तो पेंटरने सांगावा. सार्वजनिक जागेवर, कोणाच्या भिंतीवर परवानगीवाचून रंगविणे हा १९९५ च्या विद्रूपीकरणाच्या कायद्याने गुन्हा आहे. पुढारी म्हणेल, "रंगव, मी बघतो." रात्री कुंचला हातात घेऊन सापडतो तो पेंटर, पुढारी नव्हे.

आता हिशेब. पुढील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी धरले आहेत. समजा, आठ फूट बाय तीन फुटांची पत्र्याची पाटी आहे. म्हणजे २४ चौरस फूट. पत्रा व चौकट २,४०० रुपये, रंग ५००, रिक्षाभाडे ३००, एकूण ३,२००. नवखा मुलगा ४,००० सांगतो आणि ८०० सुटले म्हणून खुश होतो. पण हाताखालच्या माणसाला एक दिवसाचे ६०० द्यायचे आहेत. उरले २००. काम दोन दिवसांचे. म्हणजे रोज १०० रुपये! स्वतःच्या दोन दिवसांची मजुरी रोजी ९०० प्रमाणे १,८०० आणि हाताखालच्याची ६०० धरली, तर बेरीज ५,६०० होते. त्यावर हत्यारांची झीज व रिकाम्या दिवसांसाठी दहा टक्के, म्हणजे ५६०. खरी किंमत ६,१६० रुपये. स्वतःची मजुरी न धरणारा कारागीर मालक झालेला नसतो. तो बिनपगारी नोकर असतो, आणि त्याला काढून टाकणाराही कोणी नसतो.

म्हणून निम्मा बयाणा घेतल्याशिवाय पत्रा कापू नये. मजकूर कागदावर लिहून त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी. निवडणुकीचे काम रोखीने करावे. निकालानंतर हरलेला भेटत नाही आणि जिंकलेला ओळखत नाही. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून घ्यावी. असंघटित कामगारांसाठी २०२१ साली सुरू झालेली ई-श्रम नोंदणीही करावी. तिलाही पैसे पडत नाहीत.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट जिवाची. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळात एक प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे मेली. तो १२० फूट बाय १२० फूट होता. परवानगी असते ती ४० बाय ४० ची. फलक मोठा झाला की त्यावरचा वाऱ्याचा एकूण जोर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो. बाजू तिप्पट केली तर जोर नऊपट होतो, आणि उंचीमुळे मुळाशी बसणारा हिसका त्याहून अधिक. लहान पाटीच्या चार खिळ्यांचा अंदाज मोठ्या फलकाला लावता येत नाही.

पण वर्तमानपत्रात न येणारे अपघात आमच्या कचेरीत येतात. काही वर्षांपूर्वी एक पोरगा फलक बसविताना लोखंडी चौकटीसह खाली आला. चौकट विजेच्या तारेला लागली होती. जीव वाचला, हात गेला. ज्या ठेकेदाराने त्याला चढविले होते तो म्हणाला, "हा माझा माणूसच नव्हे." १९२३ चा कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा होता, परंतु पोराजवळ ना चिठ्ठी, ना हजेरी, ना कोणी साक्षीदार. आम्ही खटपट केली आणि हरलो. त्या पोराने स्वतः रंगविलेल्या पाट्या अजून गावात आहेत. मी त्यांच्याखालून जातो तेव्हा मान वर करवत नाही.

म्हणून त्या तरुणाला मी चार गोष्टी निक्षून सांगितल्या. तारेजवळ लोखंडी शिडी नेऊ नको. वारा सुटला की खाली उतर, गिऱ्हाईक रागावले तरी चालेल. बंद खोलीत टर्पेंटाइनचा वास घेत रंगवू नको, आणि जुना रंग कोरडा घासू नको. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा २०१७ च्या अखेरीपासून लागू झाली, जुन्या थरांत ते अजून आहे. आणि चौथी गोष्ट: ज्या दिवशी पहिला माणूस हाताखाली घेशील, त्या दिवशी एक वही कर आणि तीत त्याचे नाव, तारीख, मजुरी लिही. आज तू नोकर नाहीस म्हणून सुटलास असे समजू नको. उद्या तू ठेकेदार होशील.

तो तरुण सहा महिने एका जुन्या पेंटरकडे राहिला. रोज रात्री जुन्या वर्तमानपत्रावर अक्षरे काढी. आता दाजी पेठेकडे त्याने भाड्याच्या गाळ्यात काम मांडले आहे. परवा तो आमच्या कचेरीची पाटी नव्याने रंगवून गेला. 'कामगार' मधला 'र' आता इतर अक्षरांएवढाच आहे. पैसे घेत नव्हता. मी त्याच्याच रीतीने हिशेब मांडून, त्याची दोन दिवसांची मजुरी धरून, पूर्ण दिले. वहीत त्याने हाताखालच्या पोराचे नाव लिहिलेले मी पाहिले, आणि मला त्या पाटीपेक्षाही त्याचे समाधान अधिक वाटले.