थांबायचं कुठे? आइसलंडच्या रिंगरोडवर कॅमेरा घेऊन

पहिल्या स्लाइडवर पूल दिसतोय. लांबलचक, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा अरुंद. आता त्याच्या खाली बघा. नदी दिसते का? नाही दिसत, कारण तिथे नदी नाहीये. हा आइसलंडमधला स्केइदारा नदीवरचा जुना पूल, ८८० मीटर लांबीचा. १९७४ साली तो झाला आणि त्यामुळे देशाला वळसा घालणारा रस्ता, म्हणजे रिंगरोड, पहिल्यांदा पूर्ण जोडला गेला. पुढे हिमनदी मागे सरकत गेली, तिच्या पोटातून येणाऱ्या पाण्याने २००९ मध्ये वाट बदलली आणि ते पश्चिमेच्या दुसऱ्या नदीला जाऊन मिळालं. पूल कोरड्या वाळूवर उभा राहिला. आता नवा रस्ता शेजारून जातो.

हा फोटो काही फार देखणा नाही, हे आम्हालाही कळतं. तरी सुरुवात यानेच करतो, कारण आपण लँडस्केप फोटोग्राफीला निघतो तेव्हा मनात एक गृहीत असतं, की निसर्गदृश्य तिथे ‘आहे’, आपण पोचायचं आणि टिपायचं. आइसलंडने हे गृहीत पहिल्या तीन दिवसांतच मोडलं. तिथे जमीन हलते, नदी हलते, समुद्र तर हलतोच. त्यामुळे ‘काय टिपायचं’ यापेक्षा ‘कुठे थांबायचं’ हाच प्रश्न दहा दिवस आमच्यापुढे होता. आज त्याबद्दलच बोलू.

थोडा अंदाज देतो. आइसलंड आकाराने महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. लोकवस्ती मात्र चार लाखांच्या आत, म्हणजे एकट्या कोल्हापूर शहरापेक्षाही कमी, आणि त्यातले बहुतेक रेक्याविक या राजधानीत आणि तिच्या आसपास. रिंगरोड सुमारे १३२० किलोमीटर. आम्ही चौघं, एक गाडी, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरून दहा दिवस. निघण्यापूर्वी पुण्यात बसून नकाशावर ४२ टाचण्या टोचल्या होत्या. त्यातल्या १७ ठिकाणी आम्ही पोचलो. (हशा) हसा, पण त्या १७ सुद्धा जास्तच झाल्या असं आता वाटतं.

आता रस्ता. आपल्याकडे घाटात एखादं वळण आवडलं की आपण गाडी डावीकडे घेतो, दोन चाकं मातीत उतरवतो आणि उभे राहतो. रिंगरोडवर बऱ्याच ठिकाणी रस्त्याला कडच नाही. डांबर संपतं तिथे उतार सुरू होतो. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ९० आणि खडीच्या रस्त्यावर ८०. मागून ट्रक येत असतो आणि समोर डोंगरावर ऊन पडलेलं असतं. अशा वेळी रस्त्यातच ब्रेक दाबणाऱ्या पर्यटकांमुळे तिथे अपघात होतात. म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी नियम केला: जो गाडी चालवतोय त्याने डोंगराकडे बघायचं नाही. शेजारच्याने थांब्याच्या पाट्या शोधायच्या आणि मागच्या दोघांनी ‘अरे, बघ बघ’ असं ओरडायचं नाही. शेवटचा नियम सगळ्यांत जास्त मोडला गेला.

रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर गाडी घालणं हा तिथे कायद्याने गुन्हा आहे. आतल्या डोंगराळ भागात जाणारे वेगळे रस्ते आहेत. त्यांच्या क्रमांकाआधी ‘एफ’ असतो, चारचाकी ड्राइव्हची गाडी सक्तीची असते आणि नद्यांवर पूल नसतात. तिथे आम्ही गेलो नाही. नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर भाड्याच्या गाडीचा विमा सहसा ते धरत नाही, हे एक कारण. दुसरं कारण अनुभव नव्हता.

आणि वारा. वारा म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे असं आपल्याला वाटतं. तिथे गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे करायचं आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं, नाहीतर बिजागरीसकट उलटं फिरतं. वाळूच्या पट्ट्यात वादळ असलं तर गाडीचा रंग खरवडून निघतो. दररोज सकाळी हवामान खात्याचं आणि रस्ते खात्याचं संकेतस्थळ बघितल्याशिवाय आम्ही चहासुद्धा घेत नव्हतो. एकदा पुढचा रस्ता वाऱ्यामुळे बंद झाला आणि दीड दिवस एका शेतघरात बसून काढला. आमच्या ४२ टाचण्यांपैकी बऱ्याच तिथे गळल्या.

आता ज्यासाठी जायचं ते, म्हणजे प्रकाश. आपल्याकडे संध्याकाळचा सोनेरी उजेड किती टिकतो? ट्रायपॉड उभा करेपर्यंत संपतो. याचं कारण साधं भूमितीचं आहे. मुंबई १९ अक्षांशावर आहे, तिथे सूर्य जवळजवळ उभा खाली उतरतो. आइसलंडचा दक्षिण किनारा ६४ अक्षांशाच्या आसपास. तिथे सूर्य क्षितिजाला तिरका, घसरत घसरत जातो. सप्टेंबरच्या शेवटी, दिवस-रात्र जवळपास समान असताना, सूर्य क्षितिजाच्या सहा अंश वर असल्यापासून चार अंश खाली जाईपर्यंतचा वेळ धरला, तर मुंबईत तो साधारण पाऊण तास येतो आणि तिथे दीड तास. त्यात तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंशांवर असतो. त्यामुळे सावल्या दिवसभर लांब राहतात आणि डोंगराची प्रत्येक घडी उठून दिसते. डिसेंबरात तर दुपारचा सूर्य तीनेक अंशांच्या वर जात नाही. दिवस चार-पाच तासांचा, पण असेल तो सगळा उजेड तिरपाच. जूनमध्ये उलट, खरी रात्रच होत नाही.

याचा व्यवहारात अर्थ काय? घाई करायची गरज नसते. आम्हाला हे कळायला वेळ लागला. पहिल्या दोन संध्याकाळी आपल्याकडच्या सवयीने आम्ही सेल्यालान्त्सफॉस धबधब्यावर दहा मिनिटं आणि स्कोगाफॉसवर दहा मिनिटं अशी पळापळ केली. दोन्ही साठ मीटरच्या आसपास उंच, दोन्हींचे तुषार लेन्सवर. घरी येऊन बघितलं तर दोन्हींचे फोटो पोस्टकार्डासारखे. नंतर एकाच जागी दीड तास उभं राहायला लागलो तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात जे दिसत नव्हतं ते दिसायला लागलं.

काळ्या वाळूबद्दल तांत्रिक सांगून टाकतो, कारण प्रश्न येणारच. कॅमेऱ्याचा मीटर सगळं जग सरासरी राखाडी आहे असं धरून चालतो. काळा किनारा फ्रेममध्ये भरला की तो म्हणतो, उजेड कमी आहे, वाढवा. आणि काळी वाळू राखेसारखी भुरकट येते. तिथे एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने कमी करायचं. हिमनदीसमोर किंवा बर्फासमोर उलट, वाढवायचं. योकुलसारलोनला दोन्ही एकदम येतात. तिथे हिमनदीचे तुटलेले तुकडे सरोवरातून समुद्रात जातात आणि भरती त्यांना परत काळ्या वाळूवर आणून टाकते. आम्ही बर्फाचा सगळ्यांत उजळ भाग जपला आणि वाळू काळीच राहू दिली. हे सरोवर साधारण १९३४-३५ पासून, हिमनदी मागे हटायला लागल्यावर तयार झालं. म्हणजे आपल्या आजोबांच्या लहानपणी ते नव्हतं.

आता ही स्लाइड. जागा रेनिसफ्यारा, विक गावाजवळचा किनारा. मागे बेसॉल्टचे षट्‌कोनी खांब, समुद्रात उभे सुळके. आणि प्रवेशावर भलीमोठी पाटी, तिच्यावर दिवे. समुद्राच्या स्थितीप्रमाणे पिवळा किंवा लाल दिवा लागतो. ही यंत्रणा २०२२ मध्ये बसवली, कारण त्या आधी तिथे माणसं वाहून गेली होती. आम्ही गेलो तेव्हा पिवळा होता.

आम्ही पाटी वाचली. फोटोसुद्धा काढला पाटीचा. मग दहा मिनिटं लाटा मोजल्या, सगळ्या एका ठराविक रेषेपर्यंत येत होत्या, आणि त्या रेषेच्या दोन पावलं मागे ट्रायपॉड रोवला. आम्हाला अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर हवं होतं, परत जाणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या रेघांसाठी. कोकणात वाढलेल्या माणसाला समुद्राची भीती नसते, हा आमच्यातल्या एकाचा सिद्धांत होता.

तिथल्या समुद्राचं गणित वेगळं आहे. किनारा तीव्र उताराचा आहे आणि पाणी लगेच खोल होतं. दक्षिणेकडून उघड्या अटलांटिकवरून येणारी लाट वाटेत कुठे मोडत नाही, सगळा जोर घेऊन थेट काठावर येते. मधूनच दोन लाटा एकमेकींवर चढतात आणि मग पाणी आधीच्या रेषेच्या कितीतरी पुढे धावतं. दहा मिनिटं लाटा मोजून ती लाट कळत नाही, कारण ती अकराव्या मिनिटाला येते.

आली ती गुडघ्याच्या वर. ट्रायपॉड आडवा झाला. आमच्यातला एक प्रतिक्षिप्तपणे कॅमेऱ्याच्या मागे वाकला, आणि नेमकं तेव्हाच पाणी परत फिरलं. पायाखालचे गोटे आणि वाळू पाण्यासोबत सरकायला लागली. तो बसला, आणि बसल्या बसल्या खाली घसरायला लागला. बाकीच्या दोघांनी त्याच्या जॅकेटची कॉलर आणि बॅगेचा पट्टा धरला. किती सेकंद? फार तर चार. पुढची लाट लहान होती, म्हणून आज चौघंही या सभागृहात आहोत. कॅमेरा गेला. पट्टा धरणाऱ्याचं बोट मोडलं, ते त्याला विकला पोचल्यावर कळलं.

त्या संध्याकाळी चौघं फारसं बोललो नाही. पाटी मराठीत नव्हती असं म्हणायची सोय नव्हती. चित्रं होती, दिवा होता. आम्ही पाटीला माहिती समजलो आणि सूचना दुसऱ्या कोणासाठी तरी आहे असं धरलं. आता हा फोटो बघा: त्याच खांबांचा, दुसऱ्या दिवशी, वरच्या सुरक्षित जागेवरून, लांब लेन्सने काढलेला. माणसं मुंग्यांएवढी येतात आणि खांबांची उंची पहिल्यांदा कळते. आदल्या दिवशी आम्हाला हवा होता त्यापेक्षा तो चांगला आहे. पण हे बोट मोडून शिकायची गरज नव्हती.

विकच्या पुढे रस्ता लाव्हाच्या मैदानात शिरतो. १७८३ साली लाकीच्या भेगेतून लाव्हा बाहेर पडायला लागला आणि ते आठ महिने चाललं. विषारी वायूंनी गवत खराब झालं, जनावरं मेली आणि त्यानंतरच्या दुष्काळात देशातली सुमारे एक पंचमांश माणसं गेली. आज त्या लाव्ह्यावर करड्या-हिरव्या शेवाळाची जाड गादी आहे. लांबून मेंढ्यांचा कळप बसल्यासारखी दिसते. पाय ठेवावासा वाटतोच. ठेवला की खड्डा पडतो आणि तो भरून यायला दशकं लागतात. इथे ‘कुठे थांबायचं’ याचं उत्तर सरळ होतं: पायवाटेवर. फ्रेम मनासारखी बसत नसेल तर लेन्स बदला, जागा नाही.

जवळच फ्यादरारग्ल्युवुर नावाची वळणावळणांची दरी आहे. २०१५ मध्ये एका जगप्रसिद्ध गायकाचा व्हिडिओ तिथे चित्रित झाला आणि मग गर्दी एवढी लोटली की २०१९ मध्ये चिखल आणि तुडवलेल्या कडांमुळे दरी काही महिने बंद ठेवावी लागली. आता जाळीचे मार्ग आणि कठडे आहेत. कठडा फोटोत येतो म्हणून कुरकुर करणारे तिथे भेटले. आम्हाला तो फोटोत ठेवावासा वाटला. ठेवलाय, बघा.

आणि पुन्हा तो पूल. १९९६ च्या सप्टेंबरअखेर वात्नायोकुल या हिमटोपीखाली ज्वालामुखी फुटला. बर्फ वितळून पाणी आत साठत गेलं. पूर येणार हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त दिवस माहीत नव्हता. पाच आठवडे वाट बघितली. ५ नोव्हेंबरला पूर आला, घरांएवढे हिमखंड घेऊन. एक पूल पूर्ण गेला, स्केइदाराचा काही भाग गेला. रस्ता आधीच बंद केलेला असल्यामुळे माणूस एकही दगावला नाही. पिळवटलेल्या पोलादी तुळया रस्त्याच्या कडेला स्मारक म्हणून ठेवल्यात. तिथे गाडी लावायला व्यवस्थित जागा आहे. आम्ही दीड तास थांबलो.

पूर्व किनाऱ्याबद्दल एवढंच सांगतो: तिथे गाडीतून उतरल्यावर पहिला शब्द आला तो ‘अरे, सह्याद्री!’ लाव्ह्याचे थर एकावर एक, पायऱ्यांसारखे, मधून पाणी उतरतंय, वर ढग. जुळणं योगायोगाचं नाही, दोन्हीकडे बेसॉल्टच आहे. आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तिथला सगळ्यांत जुना दीडेक कोटींचा. फरक असा, की आपल्या पायऱ्या पावसाने आणि नद्यांनी कोरल्या आणि तिथल्या दऱ्या हिमनद्यांनी खरवडल्या. म्हणून तिथल्या दरीचा तळ रुंद आणि गोलसर असतो. त्यामुळे फ्रेमही आडवी लागते. माळशेजला जी उभी बसते ती तिथे बसत नाही.

उत्तरेचे फोटो आणि अरोराचे चार-पाच आहेत, ते प्रश्नांनंतर दाखवतो. माइक मागे पाठवा, तिसऱ्या रांगेत हात वर आहे.