राख गावाची, वीज कोणाची?

परळी वैजनाथ म्हटले की महाराष्ट्राला दोन गोष्टी आठवतात : वैद्यनाथाचे ज्योतिर्लिंग आणि औष्णिक वीज केंद्राची धुराडी. 1971 साली 30 मेगावॅटचा पहिला संच येथे सुरू झाला. ते जुने संच केव्हाच निवृत्त झाले आणि आज 250 मेगावॅटचे तीन संच त्यांची जागा चालवीत आहेत. कोळसा बाहेरून येतो, वीज बाहेर जाते. मागे राहते ती राख. दाऊतपूर आणि दादाहरी वडगावच्या शिवारात ती तळ्यांत साठते, वारा सुटला की पिकांवर बसते आणि उघड्या मालमोटारींतून रस्त्यांवर सांडते. ज्या गावाने हे सारे अर्धशतक सोसले, त्याला या व्यवहारात नेमका शब्द किती, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु विजेला एक नवा आणि विलक्षण खादाड गिऱ्हाईक मिळाल्यामुळे तो पुन्हा विचारणे भाग आहे.

हे गिऱ्हाईक म्हणजे आभासी चलनाचे ‘खाणकाम’. येथे कुदळ नाही की फावडे नाही. हजारो संगणकयंत्रे अहोरात्र एकाच कोड्याचे उत्तर शोधण्याची शर्यत लावतात. जिंकणाऱ्यास नवी नाणी मिळतात, हरणाऱ्यांची वीज फुकट जाते. केंब्रिज विद्यापीठातील अभ्यासकांच्या अंदाजानुसार एकट्या बिटकॉइनसाठी वर्षाला 100 अब्ज युनिटांहून अधिक वीज खर्च होते. ‘इथेरियम’ या दुसऱ्या प्रमुख चलनाने सप्टेंबर 2022 मध्ये ही पद्धतच सोडून दिली आणि आपला वीजवापर जवळजवळ संपुष्टात आणला. तेव्हा हा अपव्यय अटळ आहे, असे म्हणण्यास आधार उरलेला नाही.

प्लॅट्सबर्गचा धडा

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात प्लॅट्सबर्ग नावाचे एक लहान शहर आहे. जलविद्युत स्वस्त मिळत असल्यामुळे खाणकाम करणाऱ्या कंपन्या तेथे दाखल झाल्या. 2017-18 च्या हिवाळ्यात शहराच्या वाट्याची स्वस्त वीज संपली, महाग वीज बाहेरून घ्यावी लागली आणि तिचा भुर्दंड सामान्य रहिवाशांच्या बिलांवर पडला. मार्च 2018 मध्ये नगरपालिकेने अशा नव्या उद्योगांस 18 महिन्यांची स्थगिती दिली. त्याच महिन्यात राज्याच्या नियामक आयोगाने नगरपालिकांच्या वीजसंस्थांना या ग्राहकांकडून अधिक दर घेण्याची मुभा दिली. पुढे स्थगिती उठली, ती आवाज, उष्णता आणि आगीपासूनची सुरक्षितता यांविषयीचे नियम करूनच.

याच्या उलट उदाहरण आर्कान्सास राज्याचे. तेथील विधिमंडळाने 2023 मध्ये कायदा करून या उद्योगावर निर्बंध घालण्याचे स्थानिक संस्थांचे अधिकारच आकुंचित केले. यंत्रे थंड ठेवणाऱ्या पंख्यांच्या अखंड घरघरीने लोक हैराण झाले, आणि वर्षभरातच, 2024 मध्ये, त्याच विधिमंडळाला माघार घ्यावी लागली. ज्याच्या कानाशी घरघर चालते त्याला बोलू न देणारा कायदा फार काळ टिकत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

नगरपरिषदेच्या हाती काय?

आपल्याकडे या विषयाकडे पाहिले गेले ते मुख्यतः तिजोरीच्या नजरेने. 2022 पासून आभासी मालमत्तेच्या उत्पन्नावर 30 टक्के कर आहे. तिच्या निर्मितीत खर्च होणाऱ्या विजेची, पाण्याची आणि उष्णतेची चिंता मात्र त्या तरतुदीत नाही. प्लॅट्सबर्गची नगरपालिका स्वतः वीज वाटते. परळीत ती महावितरण देते, दर राज्य वीज नियामक आयोग ठरवितो आणि प्रदूषणाची संमती 1974 व 1981 च्या कायद्यांन्वये राज्य मंडळ देते. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांत पर्यावरणाचे रक्षण लिहिले खरे; पण त्या विषयाचे अधिकार द्यावयाचे की नाही, हे राज्याच्या मर्जीवर ठेवले.

दूरवरून केलेल्या नियमांचे काय होते, हे राखेनेच दाखविले आहे. राखेच्या वापराविषयी केंद्राची पहिली अधिसूचना 1999 ची. डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने संपूर्ण राख उपयोगात आणण्याचे बंधन घातले आणि ते न पाळल्यास टनामागे 1000 रुपये पर्यावरण भरपाई ठरविली. राख ही काही निव्वळ घाण नव्हे. तिच्यापासून सिमेंट होते, विटा होतात, त्यावर अनेकांची पोटे चालतात. परंतु किती राख निघाली, किती गेली, कोणत्या मोटारीने झाकून नेली आणि कोणत्या मोटारीने सांडत नेली, हे पाहणारा डोळा गावातच असतो आणि त्या डोळ्याला अधिकार नसतो.

पाण्याचीही तीच कथा. पाण्याअभावी 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये परळीचे वीज केंद्र बंद ठेवावे लागले. ज्या मुलखात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे कोळसा जाळून, पाणी आटवून निर्माण केलेली वीज आकड्यांच्या शर्यतीत उधळावी काय? परळीत असे यंत्रांचे गोदाम आज आहे की नाही, हा प्रश्न गौण आहे. वीज एकाच जाळ्यातून वाहते. गोदाम कोठेही असो, त्याची राख परळीसारख्या गावांतच पडणार.

स्थानिक संस्थांना अधिकार दिले तर त्यांचा सौदा होईल, उद्योग पळून जातील, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु उपाय अधिकार नाकारण्याचा नसून ते उघड्यावर आणण्याचा आहे. मोठ्या वीजग्राहकाने विजेचा, पाण्याचा व आवाजाचा तपशील नगरपरिषदेपुढे आणि ग्रामसभेपुढे ठेवावा; त्यांच्या ठरावाविना जोडणी मिळू नये; नकाराची कारणे लेखी असावीत व त्यावर अपील असावे. अशा वापरास वेगळा, चढा दर असावा आणि राखेच्या भरपाईतील वाटा राख सोसणाऱ्या गावांच्या पाण्यावर व दवाखान्यांवर खर्च व्हावा.

यात उद्योगाला विरोध नाही. नफा एकाने मोजावा आणि त्याची राख दुसऱ्याने झाडावी, या वाटणीला मात्र विरोध आहे. परळीने महाराष्ट्राला अर्धशतक उजेड दिला. त्या उजेडाचे काय होते, हे विचारण्याचा अधिकार तिला देण्यात उपकार कसला?